‘अंगठ्याचं नख काढू नका’ : त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या महिन्यात मुलुंडला काकूंकडे गेले, तर त्या ऐन उकाड्यात घरातही मोजे घालून बसलेल्या. हट्टानं मोजा काढायला लावला. उजवा अंगठा लालबुंद, नखाच्या कडेला मांस वर आलेलं, आणि जरा दाबलं की पू. दोन महिने त्यांनी हे सगळ्यांपासून लपवलं होतं. का, म्हणून विचारलं तर त्यांनी फोन माझ्या हातात दिला. आमच्याच नातेवाइकांच्या ग्रुपवरचा मेसेज होता, आणि तो मला त्याआधी आणखी तीन ठिकाणांहून आला होता.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा : अंगठ्याचं नख आत वाढलं तरी कधीही काढू नका. भूल दिली तरी असह्य दुखतं आणि महिनाभर चालता येत नाही. नख परत येत नाही, आलं तर वाकडंच येतं. मुळात अ‍ॅसिड ओततात, त्यानं हाड जळतं. डायबेटिस असेल तर पायच कापावा लागतो. त्यापेक्षा नखाच्या मधोमध ‘व्ही’सारखी खाच पाडा, कडा आपोआप वर येतात.

मी डॉक्टर नाही. पण तीन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या अंगठ्याचं नख कडेनं काढून घेतलं आहे, त्याआधी आठ महिने ते दुखणं काढलं आहे, आणि माझ्या सर्जननं माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शांतपणे दिलं आहे. काकूंना जे समजावलं तेच इथे लिहिते.

आधी दुखण्याबद्दल. दुखतं, पण कुठे आणि किती वेळ हे मेसेज सांगत नाही. सगळ्यात जास्त दुखतात ती अंगठा बधिर करायची इंजेक्शनं. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी सुई घालतात, लिग्नोकेन आत जाताना चांगलंच चरचरतं. तेवढा अर्धा-एक मिनिट मी आईचा हात घट्ट धरून ठेवला होता. मग पाच-दहा मिनिटं थांबतात, टोचून बघतात आणि काही जाणवत नाही याची खात्री झाली की मगच पुढे जातात. रक्त कमी यावं म्हणून बुडाशी रबर घट्ट बांधतात. त्यानंतर ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवतं, दुखत नाही. दुखलंच तर लगेच सांगायचं, आणखी औषध देता येतं. मला टेबलावर जेमतेम अर्धा तास लागला. पूर्ण भूल नव्हती, त्यामुळे मी छताचा पंखा बघत डॉक्टरांशी बोलत होते.

बधिरपणा एक-दोन तासांनी उतरतो आणि ठणका सुरू होतो. म्हणून तो उतरायच्या आतच डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल घ्यायची आणि दोन उश्या ठेवून पाय वर करून पडायचं. पहिली रात्र मला जड गेली, दुसरी बरी, तिसऱ्या दिवशी गोळीची गरज पडली नाही. चौथ्या दिवशी मी ऑफिसला गेले. फक्त आठ-बाराची लोकल सोडून अकरानंतरची पकडली, कारण दादरला उतरताना कुणाचा पाय पडला असता तर काय झालं असतं याची कल्पना मुंबईकराला सांगायला नको. महिनाभर अंथरूण वगैरे काही नाही. मात्र त्या दिवशी सोबत कुणीतरी हवंच आणि स्वतः स्कूटर चालवत घरी यायचं नाही.

आता ‘नख वाकडंच येतं’ हा मुद्दा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण मेसेजमधली ही एकच गोष्ट अर्धी खरी आहे आणि लोकांचा विश्वास बसतो तो तिच्यामुळे. आमच्या दादाचं नख बऱ्याच वर्षांपूर्वी एका दवाखान्यात अख्खं उपटून काढलं होतं. मुळाचं काहीच केलं नव्हतं. अंगठ्याच्या नखाला पूर्ण वाढायला १२ ते १८ महिने लागतात, महिन्याला साधारण दीड मिलिमीटर. दादाचं नख तेवढ्या काळात परत आलं, पण जाड आलं आणि त्याच कडेनं पुन्हा मांसात घुसलं. अख्खं नख गेलं की पुढच्या टोकाचं मांस वर उचललं जातं आणि नव्या नखाला वाटेत तोच अडथळा येतो.

माझ्यावर केलेली शस्त्रक्रिया वेगळी होती. नखाची फक्त घुसलेली कड, तीन-चार मिलिमीटरची पट्टी, टोकापासून थेट मुळापर्यंत उभी कापून काढली. बाकीचं नख जागच्या जागी राहिलं. मग त्या पट्टीच्या मुळाला फिनॉल हे पेशी जाळणारं रसायन लावलं, म्हणजे तेवढ्या भागातून नख पुन्हा उगवू नये. माझं नख आज किंचित अरुंद दिसतं, सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षातही येत नाही. मूळ न जाळता नुसतं नख काढलं तर हा त्रास परत होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. फिनॉलनंतर ती बरीच कमी होते, पूर्ण जात नाही. त्यामुळे डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हाच : अख्खं काढणार की कड, आणि मुळाचं काय करणार? दादाला हा प्रश्न तेव्हा कुणी शिकवला नव्हता.

‘अ‍ॅसिड ओततात’ हे याच फिनॉलबद्दल आहे. त्याचं जुनं नाव कार्बोलिक अ‍ॅसिड. जोसेफ लिस्टरनं १८६५मध्ये ग्लासगोला जखमा सडू नयेत म्हणून जे वापरलं, तेच. नखाच्या मुळाला ते ओतत नाहीत. कापसाच्या बारीक काडीनं, आजूबाजूच्या कातडीला जपत, मोजून काही मिनिटं चोळतात. मुळाच्या पेशी मरतात. हाडाला इजा करायचा त्यात हेतू नसतो आणि नीट लावलं तर होतही नाही. उलट फिनॉल स्वतःच थोडं बधिर करतं, त्यामुळे नंतरचा ठणका कमी होतो. त्याची किंमत वेगळी आहे : जखम भरायला वेळ लागतो. दोन ते सहा आठवडे तिथून पिवळसर पातळ पाणी येत राहतं. मला हे आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी ते पू समजून घाबरले असते. खरा पू झाला तर तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढतो, लाली अंगठ्यावरून पावलाकडे चढते, ताप येतो. असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

‘व्ही’च्या खाचेबद्दल फार लिहीत नाही. बाहेर दिसणारं नख निर्जीव असतं, वाढतं ते कातडीखालच्या मुळातून. टोकाला खाच पाडली म्हणून मुळाला काही कळत नाही. लिंबात बोट घालून बसायचा उपाय नखुरड्यासाठी घरोघरी करतात, पण आत रुतलेली नखाची टोकदार कड लिंबानंही निघत नाही आणि नुसत्या अँटिबायोटिकनंही निघत नाही. सुरुवातीलाच लक्षात आलं तर कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवणं, कडेखाली कापसाची वात सरकवणं, नख सरळ कापणं आणि चपलेचा दाब काढणं एवढ्यानंही पुष्कळांचं बरं होतं. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतच नाही. पण मांस वर आलं, पू झाला, पुन्हा पुन्हा तेच होऊ लागलं, की घरच्या उपायांचे दिवस संपले.

आणि डायबेटिस. या एका ओळीचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण तिच्यामुळे काकू दोन महिने मोजे घालून बसल्या. डायबेटिसमध्ये पाय जातो तो पायातला रक्तपुरवठा कमी पडल्यानं, संवेदना गेल्यानं आणि जखम चिघळत ठेवल्यानं. पू भरलेला अंगठा तसाच ठेवणं हाच खरा धोका. डॉक्टर आधी साखर बघतात, पावलावरची नाडी तपासतात, रक्तपुरवठा कमी वाटला तर रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवतात आणि मगच ठरवतात. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांच्या सर्जरी ओपीडीत केसपेपर काढूनही हे दाखवता येतं.

मुंबईपुरती एक भर माझी. पावसाळ्यात ही जखम जपावी लागते. हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) जंतू पायाच्या जखमेतून शरीरात शिरू शकतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर लेप्टोची साथ आम्ही पाहिली आहे. म्हणून जखम ओली असेपर्यंत त्या पाण्यात उतरायचं नाही, आणि उतरावंच लागलं तर घरी येऊन पाय धुवायचे आणि लेप्टो होऊ नये म्हणून देतात त्या डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारायचं. पण म्हणून पू झालेला अंगठा दिवाळीपर्यंत लांबवायचा, हे चालणार नाही. तीही उघडी जखमच आहे.

काकूंची साखर तपासून झाली, नाडी चांगली लागली. येत्या बुधवारी कड काढायची आहे. मी सोबत जाणार आहे, आणि येताना त्यांना घालायला माझ्या त्या वेळच्या वेल्क्रोच्या, पुढून उघड्या चपला पिशवीत भरून ठेवल्या आहेत. त्यांच्या कोल्हापुरीचा अंगठा बरोबर दुखऱ्या जागी बसतो.