रेवानं म्हशीचं पुस्तक घ्यावं का?

वादाला तोंड फोडलं मास्तरांनी. "इलस्ट्रेशन म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीची हमाली," असं ते रेवाच्या तोंडावर बोलून गेले आणि त्यानंतर कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर कुणाचंच दूध वेळेत संपलं नाही.

ज्यांनी हा कट्टा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. संध्याकाळी इथं म्हशी आणून बांधतात, गिऱ्हाईक समोर उभं राहतं, धार थेट पेल्यात पडते आणि फेसासकट दूध पोटात जातं. आमचं टोळकं याच गर्दीच्या कडेला असतं. मास्तर हायस्कूलला ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेत. निम्म्या पेठेची एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट त्यांच्या हाताखालून गेली, माझीसुद्धा. दर रविवारी बोर्ड घेऊन रंकाळा तलावातल्या संध्यामठाकडे लँडस्केप मारायला जातात. दिग्या वकील आहे आणि कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून त्याच्या अंगावरचा काळा कोट उतरत नाही. सुभ्याचं फ्लेक्सचं दुकान, माझी ऑफसेट प्रेस. रेवा सगळ्यांत धाकटी, पेंटिंग घेऊन बीएफए केलेली. सध्या घरात बसून मिळेल ते काम करते आणि रात्री स्वतःचे कॅनव्हास रंगवते.

तिला मुलांच्या पुस्तकासाठी चित्रं काढायचं काम आलं होतं. 24 पानं, गोष्ट एका म्हशीची, मेहनताना तीस हजार. अट अशी की सगळे हक्क प्रकाशकाचे आणि मूळ चित्रंही त्यांच्याकडेच जमा. दुसरीकडं बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला पाठवायचा तिचा मोठा कॅनव्हास अर्धवट पडलेला. दोन्ही एकदम होणं अवघडच.

"ती सोसायटी 1888 पासून चालू आहे," मास्तर म्हणाले. "तिथं चित्र लागलं तर चार लोक नाव घेतील. पुस्तक काय, पोरं फाडून टाकतात. आबालाल रहिमान बघ. मुंबईला शिकून आला, शाहू महाराजांनी पदरी ठेवला, तरी फकिरासारखा राहिला आणि रंकाळा काढत बसला. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये जाऊन त्याच्या चित्रासमोर उभी राहा एकदा."

"उभी राहिलेय की सर. पण आबालालना दरबार होता. मला कुठला दरबार?"

"महाराज 1922 ला गेले. आबालाल त्यानंतर 1931 पर्यंत जगला. तेव्हा कुठं होता दरबार?"

"आणि तेव्हाच त्यांनी चित्रं पाण्यात सोडली म्हणतात ना?"

मास्तर गप्प. ही आख्यायिका आमच्याकडं कलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी सांगतात आणि ती सांगताना सांगणाऱ्याचा आवाज भरून येतो. मला मात्र ती ऐकली की राग येतो. खरी असेल तर केवढं नुकसान झालं, हे कुणी बोलतच नाही. विरक्तीचं कौतुक तेवढं चालतं.

रेवानं मग धुरंधर काढले. महादेव विश्वनाथ धुरंधर कोल्हापुरात जन्मले, 1867 साली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथंच शिकवलं. मोठमोठी ऐतिहासिक तैलचित्रं केली आणि पोस्टकार्डंही केली. किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्याकडच्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या, त्या 1914 च्या पुस्तकातली चित्रं धुरंधरांची. "मग ते चित्रकार की हमाल?" तिनं विचारलं.

"धुरंधरांचं ड्रॉइंग पक्कं होतं."

"माझं कच्चं आहे?"

"तसं म्हटलं का मी?" मास्तर चपापले. दिग्यानं तेवढ्यात काडी टाकली, "आणि मास्तर, तुमचे बाबूराव पेंटर? नाटकाचे पडदे रंगवले, सिनेमाची पोस्टरं रंगवली, मग महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तुम्हीच वर्गात तासभर सांगायचात. एम. एफ. हुसेन पंढरपूरचा, मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत होता. सगळे हमालच की हो."

मास्तरांनी पेला खाली ठेवला. ते चिडले की आधी पेला ठेवतात.

सुभ्याला राहवेना. "एवढं कशाला वाद घालताय? मोबाइलला सांगितलं की म्हस तयार." त्यानं खरंच सांगितलं आणि अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर झकपक म्हैस उभी राहिली. मागं सूर्यास्त, गळ्यात घंटा. धार काढणाऱ्या मामांना त्यानं फोन दाखवला. मामांनी हात पुसले, नीट बघितलं. "ही कुठली रं? शिंगं मुऱ्हाची, तोंड गाईचं, आन् कास तर शेळीएवढी. ही किती दूध देणार?"

सगळे हसले, सुभ्याही. पण त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. त्याच्या दुकानात वाढदिवसाच्या बॅनरवर चित्र काढून घ्यायला आता कुणी थांबत नाही. हे काम गेलं ते गेलंच.

मग रेवानं पिशवीतून स्केचबुक काढलं. याच कट्ट्यावरच्या म्हशी होत्या. पंढरपुरी म्हैस ओळखायची तिच्या शिंगांवरून, खांद्याच्याही मागं जाणारी लांब तलवारी. रेवानं ती शिंगं एका दमात, ब्रश न उचलता ओढली होती. रंग बघण्यासारखा होता. म्हैस काळी, एवढंच आपल्याला ठाऊक. हिच्या चित्रात पाठीवर आभाळाची निळसर करडी चमक होती, कानाच्या कडेला तांबूस केस, पोटाखाली ट्यूबलाइट पडलेली हिरवट सावली. शुद्ध काळा फक्त नाकपुडीत आणि खुरांच्या फटीत. मामांनी पान उलटलं आणि म्हणाले, "ही आपली चंद्री. गाभण हाय तवाची." गाभण आहे हे चित्रात कळत होतं.

मास्तरांनी वही घेतली. बराच वेळ दिली नाही. शेवटी म्हणाले, "मागच्या पायाचा गुडघा चुकलाय. तो घोटा असतो, उलटा वळतो." त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे बाकीचं आवडलं, हे आम्हाला कळतं. त्या पोरीला बहुधा कळलं नाही, कारण ती भडकलीच.

"सर, मला चित्र काढावंसं वाटलं ते म्युझियम बघून नाही. आजोबांच्या ट्रंकेत जुने दिवाळी अंक होते. दलालांची कव्हरं. स्वयंपाकघरात मुळगावकरांच्या लक्ष्मीचं कॅलेंडर, तारखा संपल्या तरी आजीनं काढलं नाही. मी पाटीवर तिची बोटं काढायचे. माझे मास्टर हे आहेत. ते छापलेले होते म्हणून आमच्या घरापर्यंत आले. ओरिजिनल पेंटिंग आमच्या घरात कोण आणणार होतं?"

दीनानाथ दलाल गोव्याचे, मुंबईत नाव काढलं. 1945 ला त्यांनी स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला, म्हणजे दुसऱ्याच्या अंकाची वाट बघणं सोडून आपलंच व्यासपीठ उभं केलं. रघुवीर मुळगावकरही गोव्याचेच. मराठी मध्यमवर्गाच्या घरातले देव कसे दिसतात, हे बऱ्याच अंशी त्यांच्या ब्रशानं ठरवलं. रेवानं तो ट्रंकेतला एक अंक मागं मला प्रेसवर आणून दाखवला होता. मी लूप लावून पाहिला. डोळ्याला सलग दिसणारा गाल, भिंगाखाली लाल-पिवळ्या ठिपक्यांची रांगोळी. एक रंग केसभर सरकलेला, त्यामुळं ओठाला दुहेरी कड. मशीनमननं चूक केली होती, तरी ती बाई सुंदरच दिसत होती, एवढी दलालांची रेषा भक्कम.

तेव्हा मला पडलेला प्रश्न मी कट्ट्यावर मांडला. याचं मूळ चित्र कुठं असेल? वडिलांच्या काळात आमच्या प्रेसच्या माळ्यावर चित्रकारांची आर्टवर्कं पडून असायची. छपाईचा ब्लॉक तयार झाला, काम छापलं, की कागद माळ्यावर. चित्रकार परत न्यायला यायचा नाही, आमचे लोक बोलवायचे नाहीत. पुढं रद्दीबरोबर गेली. आबालालच्या चित्रांवर आपण हळहळतो, पण माळ्यावरून रद्दीत गेलेल्या चित्रांची आख्यायिकासुद्धा नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की इलस्ट्रेशन हलकं नाही, व्यवहार हलका आहे. तोच कागद परत घेऊन भिंतीला लावला की मास्तर त्याला पेंटिंग म्हणतील.

"करार बघू," दिग्यानं फोन हिसकावला आणि कोर्टात उभं राहिल्यासारखा वाचायला लागला. "आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. कलम 17 प्रमाणं, पैसे देऊन कुणी सांगून पेंटिंग काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणून वेगळं ठरवायचं. कलम 19: हक्क द्यायचे तर लेखी, आणि मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. यांनी 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' दोन्ही लिहिलंय, हुशार आहेत. कागदाची मालकी ही आणखी वेगळी गोष्ट. छापायचा हक्क दिला म्हणून कागद द्यायलाच पाहिजे असं नाही. आणि कलम 57, हे महत्त्वाचं: हक्क विकून टाकलेस तरी चित्र माझं आहे, हे सांगायचा हक्क तुझाच राहतो."

"किती वर्षं?" सुभ्यानं विचारलं.

"कॉपीराइट चित्रकार गेल्यावर 60 वर्षं. दलाल 1971 ला गेले, म्हणजे 2031 संपेपर्यंत. म्हणून तू गणपतीच्या फ्लेक्सवर कुणाचंही चित्र चिकटवतोस ना, ते बंद कर."

सुभ्यानं दुसरा पेला मागवला.

मास्तर अजून आपल्या मुद्द्यावरच होते. "पैसा पैसा करून चित्र होत नाही रे."

रेवा पटकन म्हणाली, "तुम्हाला पगार होता, सर."

हे लागलं. मामांच्या बादलीत पडणारी धार ऐकू येईल एवढे आम्ही गप्प झालो. मास्तर म्हणाले, "होता. म्हणून आज पेन्शन आहे. आणि म्हणून माझी सगळी चित्रं रविवारची आहेत. आठवड्याचे सहा दिवस पोरांच्या फुलदाण्या तपासल्या मी. तुझं तसं होऊ नये म्हणून ओरडतोय. एक पुस्तक, मग दुसरं, मग सवय. मोठा कॅनव्हास तसाच राहतो बघ."

या बोलण्यावर आमच्यापैकी कुणाकडंच चांगलं उत्तर नव्हतं. रेवाकडं थोडं होतं. ती म्हणाली, वसंत सरवटे कोल्हापूरचेच, इंजिनिअर, सिमेंट कंपनीत नोकरी केली, आणि व्यंगचित्रं, मुखपृष्ठं, सगळं करत राहिले. चित्रकार प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. मास्तर म्हणाले, ते अपवाद. दिग्या म्हणाला, अपवादच आपल्याला माहीत असतात, बाकीच्यांची नावं कुठं राहतात. मला वाटतं मास्तरांची भीती खरी आहे, फक्त त्यांचं औषध चुकीचं आहे. पुस्तक नाकारून रेवाच्या हातात वेळ येईल, पण त्या वेळात भाडं कोण भरणार? शिवाय म्हशीचा असा अभ्यास ती पुस्तक नसतं तर करणार होती का? तिनंच नंतर सांगितलं की त्या अर्धवट कॅनव्हासमधली काळी जागा कशी भरायची ते तिला इथल्या म्हशी बघून सुचलं.

माझ्या वाटचं मी बोललो. 24 पानं म्हणजे सोळाचा एक फॉर्म आणि आठाचा एक; फॉर्म म्हणजे एका शीटवर एकत्र छापून घडी घालायची पानं. पिन मधोमध, त्यामुळं अगदी मधली दोन पानं सोडली तर जोडपानावरच्या चित्राचे दोन तुकडे शीटवर वेगवेगळ्या ठिकाणी छापले जातात. म्हशीचं तोंड घडीवर घेतलं तर एक डोळा वर, एक खाली. आणि काळ्यात चारी रंग भरभरून टाकायचे नाहीत, शाई वाळत नाही, पुढच्या शीटच्या पाठीला म्हैस उमटते. ती हसत हसत लिहून घेत होती. हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं म्हणाली.

शेवटी तिथंच मेल तयार झाला. मूळ चित्रं परत. हक्क फक्त या पुस्तकापुरते आणि 5 वर्षांसाठी. निम्मे पैसे आधी. मुखपृष्ठावर लेखकाच्या बरोबरीनं चित्रकाराचं नाव. कॅनव्हास पुरा व्हावा म्हणून दीड महिना वाढवून. निम्मे पैसे आधी हे कलम मास्तरांनी घालायला लावलं, कुणी सुचवलंही नव्हतं.

चार दिवसांनी उत्तर आलं. चित्रं परत देतो, 5 वर्षं चालेल, पैसे देतो, मुदतही वाढवून देतो. नाव मात्र आत, शेवटच्या पानावर, कारण मालिकेच्या मुखपृष्ठाच्या डिझाइनमध्ये बसत नाही. रेवा म्हणाली, चालेल, एवढं मिळालं तेच खूप. सुभ्याचं तेच मत. मीही म्हटलं, पुढच्या पुस्तकाला बघू.

मास्तर ऐकायला तयार नाहीत. "24 पानं तिनं काढायची आणि नाव शेवटच्या पानावर? प्रेसच्या पत्त्याच्या खाली? दिग्या, लिही परत. नाव नाही तर पुस्तक नाही."

दिग्या लिहितोय. रेवा त्याला थांबवतेय. मामा म्हणतात, चंद्रीचं नावबी टाका.