फ्लेक्सवर शेर्पाचं नाव कुठं आहे?

एव्हरेस्ट करून आलेल्या माणसाचा सत्कार करायला आपलं कोल्हापूर कधी मागं पडत नाही. हलगी, फेटा, उघडी जीप आणि चौकाचौकात फ्लेक्स. मधोमध गिर्यारोहक, हातात तिरंगा, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. भोवतीनं नगरसेवक, भावी नगरसेवक, मंडळाचे अध्यक्ष. खाली बारक्या अक्षरांत शुभेच्छुकांची रांग. सगळे असतात. ज्यानं वर त्याचा सिलिंडर बदलला आणि बहुतेक वेळा तो फोटोही ज्यानंच काढला, तो शेर्पा तेवढा नसतो.

हे कुणा एकाबद्दल नाही. आपली कस्तुरी सावेकर २०२२ ला एव्हरेस्टवर पोचली तेव्हा आनंद मलाही झालाच. पण सत्काराची ही रीत खटकते, आणि कोल्हापुरात जरा जास्तच खटकते. कारण खासबागेत कुस्ती लागली की निवेदक नुसतं पैलवानाचं नाव पुकारत नाही. तालीम कुठली, वस्ताद कोण, पठ्ठ्या कुणाचा, हे आधी. वस्तादाचं नाव राहिलं तर म्हातारी माणसं जागेवरनं ओरडतात. हीच माणसं एव्हरेस्टच्या फ्लेक्सखाली उभी राहून चहा पितात आणि कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही.

वर काम कसं चालतं बघा. हंगाम सुरू व्हायच्या आधीच शेर्पांची एक तुकडी खुंबूच्या हिमप्रपातात, म्हणजे बेस कॅम्पच्या वरच्या तुटक्या, सरकत्या बर्फाच्या उतारात, शिरते. त्यांना आइसफॉल डॉक्टर म्हणतात. भेगांवर ॲल्युमिनियमच्या शिड्या टाकायच्या, दोर बांधायचे, आणि बर्फ सरकला की पुन्हा सगळं पहिल्यापासनं. वरच्या टप्प्यांचे दोर शिखरापर्यंत दुसरी तुकडी लावते. पाहुणे गिर्यारोहक जुमार (दोरावर फक्त वरच्या दिशेनं सरकणारी पकड) अडकवून त्याच दोरावरनं वर सरकतात. तंबू, गॅस, रेशन, साडेतीन-चार किलोचा एकेक सिलिंडर, हे सगळं साउथ कोलला, म्हणजे शिखराखालच्या शेवटच्या छावणीच्या खिंडीत, जवळजवळ आठ हजार मीटरवर, कुणाच्या तरी पाठीवरनंच जातं. तो हिमप्रपात पाहुणा मोजक्या वेळा ओलांडतो. शेर्पाच्या खेपा त्याहून कितीतरी जास्त, आणि धोका खेपेगणिक वाढतो.

१८ एप्रिल २०१४ ला तिथंच वरनं बर्फाचा कडा कोसळला आणि १६ नेपाळी कामगार गेले. मोहिमांचं सामान वर न्यायला निघालेली माणसं ती. सरकारनं घरच्यांना तातडीची मदत जाहीर केली ४० हजार नेपाळी रुपये, म्हणजे आपले पंचवीस हजार. शेर्पा भडकले आणि त्या वर्षीचा नेपाळच्या बाजूचा हंगाम जवळपास बंदच पडला. परमिटची फी तेव्हाही हजारो डॉलर होती, आता ती १५ हजार डॉलर झाली आहे.

तेनझिंगचं उदाहरण तर मजेशीर आहे. २९ मे १९५३ चा शिखरावरचा तो जगप्रसिद्ध फोटो तेनझिंगचा आहे, काढला हिलरीनं. हिलरीचा शिखरावरचा फोटोच नाही. तरी इंग्लंडच्या राणीनं 'सर' केलं हिलरीला आणि मोहिमेच्या प्रमुखाला. तेनझिंगच्या वाट्याला जॉर्ज मेडल.

आल्प्समध्ये वेगळी तऱ्हा. फ्रान्समधल्या शामोनीत वाटाड्यांची संघटना १८२१ पासून आहे. गावात पुतळा आहे तो शास्त्रज्ञ द सोस्यूर आणि स्थानिक वाटाड्या बाल्मा यांचा, शेजारी शेजारी. बाल्मा हात करून माँ ब्लाँ, म्हणजे आल्प्सचं सगळ्यात उंच शिखर, दाखवतोय. (गंमत म्हणजे १७८६ ला बाल्माबरोबर पहिल्यांदा वर गेलेल्या डॉ. पाकार यांना गावात पुतळा मिळायला दोनशे वर्षं लागली. राजकारण तिथंही आहेच!)

आणि जानेवारी २०२१ चं केटू, जगातलं दुसऱ्या नंबरचं उंच शिखर? हिवाळ्यात ८,६११ मीटरच्या त्या डोंगरावर तोवर कुणीच चढलं नव्हतं. दहा नेपाळी चढायला निघाले. पुढचे शिखराच्या अलीकडं मागच्यांसाठी थांबले आणि दहाही जण एकत्र, राष्ट्रगीत म्हणत वर गेले. पहिलं पाऊल कुणाचं, हा वादच ठेवला नाही. ह्याला म्हणायचं नाद खुळा.

आता कुणीतरी लिहिणारच, "पैसे घेतात की ते." घेतात. घ्यायलाच पाहिजेत, आणि जास्त मिळायला पाहिजेत. ऑपरेशन करणारा डॉक्टरही फी घेतोच, तरी त्याचं नाव आपण सगळ्या पाहुण्यारावळ्यांत सांगत फिरतो.

कामी रिता शेर्पा मे २०२५ पर्यंत ३१ वेळा एव्हरेस्टवर जाऊन आला. गाव थामे. ऑगस्ट २०२४ मध्ये वरची हिमतळी फुटली आणि त्या गावात पूर घुसला, घरं गेली, शाळा गेली. २०१९ चा महापूर अंगावर घेतलेल्या आपल्या जिल्ह्यात ही बातमी किती जणांनी वाचली?

तर पुढच्या सत्काराच्या वेळी मंडळांनी एक शुभेच्छुक कमी करावा आणि तिथं शेर्पाचं नाव छापावं, फोटोसकट. आणि तुमच्यापैकी जे जे हिमालयात मोठ्या शिखरावर जाऊन आलेत, त्यांनी आपल्या शेर्पाचं नाव खाली कमेंटमध्ये लिहा. गावाच्या नावासकट.