जाड पत्रा नव्हे, नेक्सॉनची खरी गोष्ट वेगळी आहे

टाटा नेक्सॉनचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "पाच स्टार आहे" आणि "पत्रा जाड आहे". पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्यामुळे मात्र या गाडीमागची खरी मेहनत झाकली जाते, म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांबली आहे, पण वाचाच.

जानेवारी २०१४ च्या अखेरीस ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या आदळवून त्यांच्या सुरक्षेला स्टार देणाऱ्या संस्थेने, भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या क्रॅश टेस्टचे निकाल जाहीर केले. अल्टो ८००, फिगो, आय१०, पोलो आणि आपली नॅनो. सगळी एअरबॅग नसलेली मॉडेल्स, आणि पाचही गाड्यांना शून्य स्टार. त्यानंतर आठवडाभरातच ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोमध्ये टाटांनी नेक्सॉनची कन्सेप्ट गाडी, म्हणजे दाखवण्यापुरता नमुना, मांडली. कंपनीचे एमडी कार्ल स्लिम यांचं २६ जानेवारीला बँकॉकमध्ये निधन झालं होतं. नॅनोचा खप घसरला होता आणि इंडिका म्हटलं की लोकांना टॅक्सी आठवायची. अशा पडत्या काळात ही गाडी आकाराला येत होती, हे आज खपाचे आकडे वाचताना कुणाच्या ध्यानात येत नाही.

गाडीचं माप ठरवलं सरकारी नियमाने. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या गाड्यांवरची एक्साइज ड्यूटी २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आली. अट अशी की पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आणि डिझेल १५०० सीसीच्या आत हवं. या एका नियमाने आपल्या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्यांची शेपटी कापली. डिकी तोडल्यासारख्या दिसणाऱ्या त्या बुटक्या सेडान आठवा. पहिल्या नेक्सॉनची लांबी ३९९४ मिलिमीटर होती आणि इंजिनं १.२ लिटर टर्बो पेट्रोल व १.५ लिटर डिझेल, म्हणजे अगदी काठावर बसवलेलं गणित. प्लॅटफॉर्मसुद्धा, म्हणजे गाडी जिच्यावर उभी राहते ती तळाची बांधणी, कोरा नव्हता. एक्स१ नावाचा, व्हिस्टा, बोल्ट, झेस्ट यांनी वापरलेला, इंडिकाच्या घराण्यातला. बाजारात फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ पासून आणि मारुतीची ब्रेझा २०१६ पासून पाय रोवून होत्या.

एवढ्या बंधनात प्रताप बोस यांच्या डिझाइन टीमने जे केलं, त्याला माझा मनापासून सलाम आहे. छत मागे उतरतं घेतलं, चाकांच्या कमानी फुगवल्या, खिडक्यांखालून पांढरी पट्टी ओढली. गाडी कापलेली वाटत नाही, मुळातच तशी घडवलेली वाटते. २०१६ च्या एक्स्पोत जवळजवळ अंतिम रूप दिसलं आणि २१ सप्टेंबर २०१७ ला ती बाजारात आली. दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत ५.८५ लाखांपासून. ग्राउंड क्लिअरन्स २०९ मिलिमीटर, म्हणजे आपल्या गावाकडच्या रस्त्यांना पुरून उरेल इतका. आत बसलं की पुढच्या दारात खास छत्रीसाठी केलेला कप्पा दिसतो. जूनमध्ये भिजलेली छत्री सीटखाली कोंबून मॅट ओली करणाऱ्या प्रत्येकाला त्याचं मोल कळेल. हा कप्पा ज्याने सुचवला, त्याने आपला पावसाळा काढलेला असणार.

ही गाडी बनते रांजणगावला, अष्टविनायकातल्या महागणपतीच्या गावाजवळ, फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात. पुणे-नगर रस्त्यावरून जाताना ट्रेलरवर चढवलेल्या नव्या नेक्सॉन दिसल्या की मला आजही अभिमान वाटतो.

आता पत्र्याकडे येतो. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपने नेक्सॉनला चार स्टार दिले, मोठ्यांच्या सुरक्षेसाठी १७ पैकी १३.५६ गुण. चार स्टारवर जाहिराती करून कंपनीला गप्प बसता आलं असतं. तसं झालं नाही. पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टची आठवण देणारी यंत्रणा सगळ्या मॉडेल्समध्ये आली, बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणीही पार केली, आणि डिसेंबर २०१८ मध्ये १६.०६ गुणांसह पाच स्टार मिळाले. ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळवणारी ही पहिली भारतीय बनावटीची गाडी. दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) बेस मॉडेललाही होते, हे मला स्टारपेक्षा मोठं वाटतं.

त्या टेस्टचा व्हिडिओ सावकाश बघा. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी ड्रायव्हरच्या बाजूने अडथळ्यावर आदळते. बॉनेट चुरगळतं, बंपर नाहीसा होतो, पुढचा भाग पार घडी होतो. पण काचेशेजारचा खांब जागचा हलत नाही आणि पायांजवळची जागा शाबूत राहते. पुढचा भाग चुरगळलाच पाहिजे, धडकेचा जोर तिथेच जिरतो. आणि माणसं बसतात तो पिंजरा टिकला पाहिजे. ही सगळी ताकद आतल्या सांगाड्यात असते. दार ठोकून येणारा आवाज किंवा बोटाने दाबून न वाकणारा पत्रा याबद्दल काहीही सांगत नाही. अपघात झाल्यावर "बघा, पुढचा भाग किती चेपला, ही कुठली मजबूत गाडी?" म्हणणाऱ्यांनी हे समजून घ्यायलाच हवं.

पुढचा इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक आहे. जानेवारी २०२० मध्ये बीएस६ या धुराच्या नव्या नियमासोबत चेहरा बदलला, त्याच महिन्यात इलेक्ट्रिक नेक्सॉन आली. ३०.२ किलोवॅट-अवर बॅटरी आणि कागदावर ३१२ किलोमीटरची रेंज. प्रत्यक्षात एवढी रेंज मिळत नाही अशा तक्रारी झाल्या, दिल्ली सरकारने मार्च २०२१ मध्ये तिची सबसिडी थांबवली आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. तरीही मध्यमवर्गाच्या पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडी या गाडीनेच आणून उभी केली, असं माझं ठाम मत आहे. सप्टेंबर २०२३ च्या नव्या रूपात सहा एअरबॅग सगळ्या मॉडेल्सना मिळाल्या.

एक गोष्ट मात्र मला अजून खुपते. २०१८ च्या त्या पाच स्टारच्या जल्लोषात मुलांच्या सुरक्षेला तीनच स्टार होते, ४९ पैकी २५ गुण. त्यावर आपण ग्राहकांनी आवाज उठवला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये, आणखी कडक नियमांखाली, तिथेही पाच स्टार आले आणि गुण झाले ४४.५२. पण हे गुण मागच्या सीटवर, चाइल्ड सीटमध्ये बांधलेल्या डमीचे, म्हणजे चाचणीच्या पुतळ्यांचे आहेत. आपल्याकडे दोन वर्षांचं पोर पुढे आईच्या मांडीवर असतं, समोर एअरबॅग. तिथे हे ४४.५२ गुण लागू होत नाहीत. म्हणून नेक्सॉन घ्या नाहीतर दुसरी कोणतीही गाडी घ्या, बुकिंगच्या वेळी सीट कव्हर, मॅट आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीची यादी कराल, तेव्हा घरात लहान मूल असेल तर त्या यादीत सगळ्यात वर चाइल्ड सीट लिहा. पहिल्या दिवशी शोरूममधून गाडी बाहेर काढतानाच ती मागे बसवून घ्या.