जागा पाहिजे, उंदरांसाठी

"घरी कोणी मोठं माणूस नाही का?" हा प्रश्न काल मला, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, रविवार पेठेतल्या बोहरी आळीत चारचौघांसमोर विचारण्यात आला. विचारणाऱ्या गृहस्थांशी माझी ओळख नव्हती. त्यांच्या हातात नळाचा वॉशर होता आणि माझ्या खिशात दोन उंदरांच्या घराचा नकाशा.

उंदीर का, हे विचारू नका. मुलीच्या मैत्रिणीच्या घरी पिल्लं झाली, मैत्रिणीच्या आईला चक्कर आली आणि त्यातल्या दोघी आमच्याकडे आल्या. एक पूर्ण पांढरी, दुसरीच्या डोक्यावर काळं टोपडं. नावं साबू आणि दाणा. आधी त्या मिक्सरच्या खोक्यात राहायच्या. खोकं त्यांनी खाल्लं. आता कपड्यांच्या प्लास्टिकच्या टोपलीत राहतात आणि टोपलीचाही एक कोपरा संपत आलाय. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बायकोला हे पटलं. टोपली तिची होती, त्यामुळे पटूनही राग गेला नाही.

रीतसर मार्ग म्हणून पेट शॉपमध्ये जाऊन आलो. आत एसी, कुत्र्यांचे रेनकोट, कुत्र्यांचे बूट, कुत्र्यांचा वाढदिवसाचा केक. "डॉग की कॅट, सर?" उंदीर म्हटल्यावर पोरगा म्हणाला, "हॅमस्टर म्हणायचंय का सर? सेमच असतं." सेम नसतं. हॅमस्टर मुठीत मावतो आणि एकटा खूश असतो. उंदीर एकटा ठेवला तर खंगतो. पण पोराने एक गुलाबी पिंजरा पुढे केलाच. त्यातलं चाक माझ्या पंजाएवढं. मोठ्या उंदराला निदान बारा इंची चाक लागतं, तेही भरीव. नाहीतर पळताना पाठीला बाक येतो आणि गजांत पाय अडकतो. किंमत साडेसहा हजार. "इम्पोर्टेड आहे सर." मग काचेची पेटी दाखवली. तिच्यात हवा खेळत नाही, मुताचा अमोनिया साचतो, आणि उंदराची फुफ्फुसं म्हणजे आधीच रडगाणं. हे सांगितलं तर पोरगा म्हणाला, "सर, उंदीरच आहे ना."

त्याच्या मागे फूटभर पिंजऱ्यात सहा लव्हबर्ड्स एकमेकांच्या डोक्यावर बसले होते. २०१८ साली केंद्र सरकारने पेट शॉपसाठी नियम काढले, त्यात पिंजऱ्यांच्या मापांचे तक्तेसुद्धा आहेत. मी हे बोलणार होतो. पण माझ्याकडे उंदीर आहेत हे एव्हाना सगळ्या दुकानाला कळलं होतं, आणि उंदीरवाल्याचं पक्ष्यांविषयीचं मत कोण ऐकणार?

म्हणून बोहरी आळी. जाळी आणायची, फॅब्रिकेशनवाल्याकडून सांगाडा करून घ्यायचा, असा बेत. दुकान जुनं, लोखंडी, काउंटरवर शेठ. दाराशीच उंदरांचा विभाग: लाकडी चाप, तारेचे सापळे, चिकटपाट्या, विषाच्या वड्या, विजेवर चालणारं आवाजाचं यंत्र. उंदीर मारायला इतक्या तऱ्हा, आणि तो जगवायचा म्हटलं तर अख्ख्या आळीत एक वस्तू नाही.

"अर्धा इंची वेल्डमेश जाळी आहे का?"

"कशाला पाहिजे?"

कबुतरांसाठी म्हणालो असतो तर पाच मिनिटांत सुटलो असतो. कबुतरांविरुद्ध सगळं पुणं एक आहे. पण खोटं का बोलावं? "उंदरांसाठी."

शेठनी मागे न बघता तारेचा सापळा उचलून काउंटरवर ठेवला. "एकशे ऐंशी. आत भजी लावायची."

"पकडायचे नाहीत शेठ. पकडलेले आहेत. दोन."

"मग दोन घ्या."

"राहायला पाहिजे त्यांना. घर."

इथे वॉशरवाले काका वळले. पंचाहत्तरी पार, चष्म्याला दोरी, हातात कापडी पिशवी. वॉशरचा व्यवहार केव्हाच आटोपला होता, पण पुण्यात व्यवहार संपला म्हणून कोणी दुकानातून जात नाही.

"पाळलेत?"

"हो काका."

"उंदीर?"

"हो."

आणि मग तो मोठ्या माणसाविषयीचा प्रश्न. मी म्हटलं, मीच मोठा. काकांनी मला चपलेपासून वर पाहत आणलं आणि डोक्यापाशी थांबले. "अहो, ज्या उंदरांपायी १८९७ साली आमच्या पणजोबांनी वाडा सोडून माळावर झोपडीत दिवस काढले, ते उंदीर तुम्ही पाळता? रँडला गणेशखिंडीत का उडवला, माहितीये?"

मी म्हणालो, प्लेगच्या बंदोबस्तात सोल्जरांनी घराघरांत घुसून जुलूम केले म्हणून. त्यात उंदरांचा थेट संबंध नाही. शिवाय प्लेग पसरवण्यात पिसवांचा आणि घरातल्या काळ्या उंदरांचा हात मोठा होता. माझे त्या जातीचे नाहीत.

"मग कुठल्या जातीचे?"

"तपकिरी."

"रंग कोणता?"

"पांढरा."

काका शेठकडे वळले. "पांढऱ्या रंगाचे तपकिरी उंदीर आहेत यांचे." मागे उभ्या प्लंबरच्या पोराने फोन खाली ठेवला. दुकानात चांगले सहाएक जण जमले होते. आता ह्यांना काय सांगू, की प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर हा तपकिरी उंदराचाच रंग गेलेला वंश आहे, शंभर वर्षांहून जास्त काळ माणसाने सांभाळून वाढवलेला, आणि अर्ध्या जगाची औषधं आधी त्याच्या पोटात गेलीत? सांगितलंही. काका म्हणाले, "माझ्या बीपीची गोळीसुद्धा?" मी म्हटलं, बहुतेक. त्यावर ते क्षणभर गप्प झाले. मला वाटलं, जिंकलो.

"नर-मादी?"

"दोन्ही माद्या."

"कशावरून?"

"डॉक्टरांनी तपासलं."

"उंदराला डॉक्टर?" हे दोन शब्द काकांनी इतक्या हळू उच्चारले की प्लंबरचं पोरगं पुढे सरकलं. "फी किती घेतात?"

"चारशे."

"माझा गुडघेवाला आठशे घेतो. आणि वर बघतसुद्धा नाही. तुमचा बघतो?"

"स्टेथोस्कोप लावतात. छातीत घरघर आहे का ऐकतात."

"उंदराच्या छातीत." काकांनी शेठकडे, पोराकडे आणि शेवटी छताकडे पाहिलं. "सांगा, सांगा. घर कसं हवं?"

मी नकाशा उघडला. उघडायला नको होता, असं बायको म्हणते. मला नाही वाटत. तो माझ्या मुलीने आलेखाच्या कागदावर काढलाय, प्रमाणात. तीन फूट रुंद, दोन फूट खोल, तीन फूट उंच. तीन माळे. तळ भरीव पत्र्याचा, कारण जाळीवर सतत चालून तळपायांना जखमा होतात. वर कापडी झोळ्या.

"झोळ्या कशाला?"

"झोपायला."

"पाळणे म्हणा की. बारसं झालं?"

नावं ठेवून झाली आहेत, हे मी त्या परिस्थितीत सांगितलं नाही.

"तीन माळे म्हणताय. लिफ्ट?"

"शिड्या आहेत."

"अरेरे. म्हाताऱ्या झाल्यावर चढणार कशा?" हा मात्र योग्य प्रश्न होता. उंदीर दोन-तीन वर्षंच जगतो, आणि शेवटी मागचे पाय लुळे पडू लागतात; तेव्हा माळे काढून सगळं तळाशी आणावं लागतं. मी तसं सांगितलं. काकांचा आवाज बदलला. "आमच्या सोसायटीचा पुनर्विकास चाललाय. पाच वर्षं झाली. भाड्याच्या वन बीएचकेत पाच जण आहोत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बिल्डर फोन उचलत नाही. तुमच्या उंदरांना किती जागा म्हणालात?"

"अठरा घनफूट."

"दोघींत?"

"हो."

"उंदरी नऊ." काकांनी बोटांवर हिशेब केला. "कार्पेट का बिल्टअप?"

दुकान हसलं. शेठ हसले. मीही हसलो, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं. काका मात्र हसत नव्हते. त्यांना खरंच हवं होतं उत्तर.

ह्या गडबडीत शेठच्या माणसाने जाळी कापली. काकांनी जाता जाता माझ्या गुंडाळीवर एक चिकटपाटी ठेवली. "असू द्या. शुद्धीवर आलात की लागेल." मला वाटलं ते देतायत. बिलात तिचे साठ रुपये माझ्याच नावावर होते. घरी येऊन मोजली तर जाळी पाऊण इंची निघाली. पाऊण इंचातून मोठा नर अडतो. पण अंगाने बारीक असलेल्या, जेमतेम दोन महिन्यांच्या मादीचं डोकं त्यातून जातं, आणि उंदराचं डोकं गेलं की मागचं सगळं निमूट येतं. फोन केला तर शेठ म्हणाले, बिलाच्या खाली वाचा: कापलेला माल परत नाही.

ह्याचा मला राग आहे. विनोद वगैरे ठीक, पण उंदरासाठी नेलेली जाळी चुकीच्या मापाची असली तरी काय बिघडतं, असंच त्यांना वाटलं असणार. खिडकीला लावायची असती तर टेप लावून मोजली असती.

पुण्यात मी पहिल्यांदा खोली शोधली तेव्हाही असंच होतं. "फक्त नोकरदार, शाकाहारी, पाहुणे चालणार नाहीत, रात्री दहाला दार बंद." सदाशिव पेठेतल्या एका मालकीणबाईंनी तर मला पंख्याचा वेग किती ठेवतोस, असं विचारलं होतं. मी दोन म्हणालो. त्यांना एक चालला असता. तेव्हाही मी दारात उभा राहून, मी निरुपद्रवी आहे, हे पटवत होतो. आता साबू-दाण्याच्या वतीने पटवतोय. त्या मिश्राहारी आहेत, रात्री दहानंतरच उठतात आणि पाहुण्यांना चाटतात. कुठल्याच मालकीणबाईंनी त्यांना ठेवलं नसतं.

खालच्या मजल्यावरच्या काकूंना सोसायटीत सर्वांत आधी कळलं. ह्या काकू दर संकष्टीला मुंबईला सिद्धिविनायकाला जातात. तिथे चांदीचे उंदीर आहेत, त्यांच्या कानात इच्छा सांगतात. लोक त्यासाठी रांग लावतात, एक कान झाकून दुसऱ्या कानात बोलतात. मी म्हटलं, काकू, आमच्याकडे जिवंत आहे, रांग नाही, कान दोन्ही चालतात. काकू जिन्यातून उलट्या उतरल्या. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा संदेश: "काही सभासद उंदीर बाळगत असल्याचे समजते. रविवारी पेस्ट कंट्रोल आहे. सहकार्य करावे." सहकार्य म्हणजे नक्की काय, हे मी विचारलं. वीस जणांनी वाचलं, उत्तर कोणी दिलं नाही.

तशी कायद्याचीही उंदरावर कधी मर्जी नव्हती. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कावळ्यासोबत उंदराला उपद्रवी म्हणून वेगळ्या अनुसूचीत घातलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. साबू आणि दाणा तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. सेक्रेटरींना ही दुरुस्ती मी पाठवली आहे. तीही वाचली गेली.

राहिला फॅब्रिकेशनवाला. खिडक्यांची ग्रिल करतो, माणूस बरा आहे, हसला नाही. जाळी बघून "ही चालायची नाही" असं स्वतःहून म्हणाला. अर्धा इंची तोच आणणार, वर पावडर कोटिंग करून देणार. नुसत्या जीआय जाळीत मूत मुरतं आणि वास जात नाही, हे त्याला माझ्याआधी माहीत होतं. बहिणीकडे कोंबड्या आहेत म्हणे. दारं मोठी ठेवू, म्हणजे हात घालून साफ करता येईल. आतल्या कडा घासून देतो. मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

"कधी देता?"

"गणपतीनंतर."

"अहो, टोपली संपत आलीय त्यांची."

"आधी होणारच नाही, साहेब. मंडळाचं काम घेतलंय. देखाव्याचा सांगाडा आपल्याकडे आहे."

"काय देखावा?"

"यंदा उंदीर सात फुटी करायचाय," तो म्हणाला, "मान हलणारा." आणि निम्मे पैसे आगाऊ मागितले, रोख.