बायकोचं पिटिशन कसं झोपवावं आणि मग परत कसं उठवावं

मागच्या मंगळवारी रात्री साडेअकराला मी कार्ड काढून ६२५ डॉलर भरले. आय-१३० ची, म्हणजे बायकोला अमेरिकेत बोलवायच्या पिटिशनची फी, ऑनलाईन. बायको तीच, नवरा तोच, फॉर्म तोच, फक्त दुसऱ्यांदा. २०२१ मध्ये भरली तेव्हा ५३५ होती. एवढे पैसे आणि चार वर्षं घालून मिळवलेलं ज्ञान एकट्याने घेऊन बसणं काही बरं नाही, म्हणून लिहितोय. अमेरिकेत राहून भारतातल्या जोडीदाराची फाईल बंद पाडायची असेल तर माझ्यासारखा माणूस तुम्हाला मिळायचा नाही. फार काही करावं लागत नाही हो. खरं तर काहीच करावं लागत नाही, तीच तर गंमत आहे.

सुरुवात पेढ्यांपासून करा. पिटिशन अप्रूव्ह झाल्याची नोटीस आली की स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाका, मावशी अंगठे दाखवतील, काका 'वेलकम टू यूएसए' लिहितील, सासूबाई बॅगांचे भाव विचारायला लागतील. अप्रूव्हल म्हणजे व्हिसा नव्हे असं त्याच नोटिशीवर लिहिलेलं असतं, पण पेढा खाताना कोण वाचतंय. पिटिशन मंजूर म्हणजे सरकारने एवढंच मान्य केलं की ही बाई खरंच तुमची बायको आहे. ते तुम्हाला आधीच माहीत होतं.

यानंतर फाईल जाते नॅशनल व्हिसा सेंटरकडे, न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथला. तिथून वेलकम लेटर येतं, त्यात मुंबईचा असेल तर बीएमबीने सुरू होणारा केस नंबर आणि एक इनव्हॉइस आयडी असतो. त्यावरून लॉगिन करायचं, व्हिसा अर्जाचे ३२५ आणि ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्टचे (म्हणजे हिचा खर्च मी उचलीन या हमीचे) १२० डॉलर भरायचे, डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाईन अर्ज भरायचा, कागद चढवायचे, मग बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यू. हे सगळं करणारी साधी माणसं असतात. आपण तसं करायचं नाही.

आपण काय करायचं, तर एक कन्सल्टंट धरायचा. वकील नको, वकील महाग. बोर्डावर 'इमिग्रेशन सर्व्हिसेस' लिहिलेला, आपल्याच भाषेत गोड बोलणारा, लग्नात कुणीतरी ओळख करून दिलेला असा बघा. इथे कायद्याचा सल्ला फक्त वकिलाने किंवा न्याय खात्याची मान्यता असलेल्या प्रतिनिधीनेच द्यायचा असतो, पण असल्या क्षुल्लक गोष्टी विचारून समोरच्याचा अपमान कशाला करा. तो म्हणेल, "सर, तुम्ही टेन्शन घेऊ नका, ईमेल मी माझाच टाकतो, सगळं माझ्याकडे येईल." टाकू द्या. बायको तुमची, केस तुमची, फॉर्मवर सही तुमची, आणि ईमेल त्याचा! मी टाकू दिला. मी, जो पिझ्झा मागवतानाही पत्ता तीनदा तपासतो. मग वेलकम लेटर आलं ते त्याच्याकडे. आठवण करून देणारी मेल आली ती त्याच्याकडे. मी दर दोन महिन्यांनी फोन करायचो, तो म्हणायचा "प्रोसेसिंगमध्ये आहे सर, इंडियाच्या केसेस स्लो चालल्यात," आणि मी ते तसंच्या तसं बायकोला सांगायचो, ती तिच्या आईला सांगायची, आई शेजारणीला, असं ते 'प्रोसेसिंग' आमच्या अख्ख्या गल्लीत चालू होतं, फक्त पोर्ट्समथमध्ये सोडून. मग त्याने ऑफिस हलवलं, तो मेलबॉक्स वापरणं सोडलं, फोन उचलणं सोडलं. अहो पण मी काय करत होतो? माझ्याकडे रिसीट नंबर होता. केस कुठे पोचलीय हे त्या नंबरवरून कुणालाही फुकट बघता येतं. दोन मिनिटांचं काम. मी दोन वर्षांत ते दोन मिनिटं केलं नाही कारण 'माणूस ठेवलाय ना'.

असो. परत सल्ल्यावर येतो.

घड्याळाकडे बघू नका. इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टमध्ये २०३(जी) नावाचं एक छोटंसं कलम आहे. व्हिसा उपलब्ध आहे अशी सूचना आल्यावर वर्षभरात अर्ज केला नाही तर नोंदणी रद्द. मग दुसरं वर्ष मिळतं ते एवढ्यासाठीच की उशीर आमच्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे सिद्ध करा. दोन वर्षं उलटली की संपलं, नोंदणीबरोबर पिटिशनही आपोआप रद्द होतं. आणि सिटिझनच्या नवराबायकोला कोटा नाही, रांग नाही, त्यामुळे व्हिसा पहिल्या दिवसापासून उपलब्धच असतो आणि घड्याळ वेलकम लेटरपासूनच सुरू. आपली लोकं 'आम्हाला रांग नाही' हे मिरवतात ना, त्याचा अर्थ हाही होतो.

मी चौकशी केली तेव्हा सव्वीसावा महिना चालू होता.

आता हाताबाहेरच्या कारणांविषयी. इथे नातेवाईक फार उपयोगी पडतात. एक भाऊजी म्हणाले "कोविड लिही, कोविडला कोणी नाही म्हणत नाही." वेलकम लेटर २०२३ चं. दुसऱ्याने सुचवलं बायको आजारी होती असं डॉक्टरकडून लिहून आणू, आपले डॉक्टर ओळखीचे आहेत. म्हणजे आधी निष्काळजीपणा, त्यावर खोटं सर्टिफिकेट, तेही अमेरिकन सरकारला, आणि बायकोच्या नावावर. खोटं पकडलं गेलं तर ती इथे येण्याच्या पात्रतेलाच मुकते, कायमची, हे भाऊजींना कोण सांगणार. गंमत म्हणजे आमच्याकडे खरं कारण होतं. त्याच काळात सासूबाईंची बायपास झाली, बायको चार महिने हॉस्पिटल आणि घर करत होती, डिस्चार्ज कार्ड आहे, बिलं आहेत, तारखा आहेत, एकेक कागद तिने प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावून ठेवलाय. वेळेत पाठवलं असतं तर निदान कुणीतरी वाचलं असतं. आता तो फोल्डर दाखवायला खिडकीच उरलेली नाही.

बंद झालेली फाईल उघडायला आय-८२४ भरा, असं सांगणारा एकजण प्रत्येक पार्टीत असतो. भरा. तो फॉर्म मंजूर असलेल्या पिटिशनवर पुढची कारवाई मागण्यासाठी आहे, मेलेलं पिटिशन जिवंत करायला नाही, पण फी घेतात हो ते.

तोवर टूरिस्ट व्हिसावर आणायचा प्रयत्नही जरूर करा. आपला नवरा अमेरिकेत, त्याने कायमचं बोलवायला पिटिशन केलेलं, आणि मी फक्त फिरून परत येणार, हे काचेपलीकडच्या ऑफिसरला पटवून द्या.

तुम्ही ग्रीन कार्डवर असताना पिटिशन केलंत आणि मग सिटिझन झालात तर व्हिसा सेंटरला कळवू नका, आणि बायकोच्या पिटिशनवर चढलेल्या पोराला त्यानंतर वेगळं आय-१३० लागतं हे तर त्याचा एकविसावा वाढदिवस झाल्यावरच शोधा.

टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे भरलेल्या टॅक्सचा सरकारी उतारा, शेवटच्या आठवड्यात मागवा.

मग नवीन पिटिशन. नवीन म्हणजे सगळं नवीन, जुन्यातलं काहीही ओढून आणता येत नाही. फॉर्ममध्ये विचारतात, या व्यक्तीसाठी आधी कधी पिटिशन केलं होतं का, कधी, कुठून, आणि त्याचं काय झालं. त्या शेवटच्या चौकटीसमोर मी वीस मिनिटं बसलो. काय झालं? झोपलं.

शिवाय नावं! आमच्यात लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवीन नाव लिहायची हौस, मीही लिहिलं, गुरुजींनी अक्षर सांगितलं होतं. त्यामुळे आता जन्माचा दाखला एका नावाचा, पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधारवर नाव तेच पण मधलं नाव वडलांऐवजी माझं, आणि बँकेत सासरचं नवीन नाव कारण तेव्हा आईने हौसेने तिला नेऊन खातं उघडून दिलं. चार कागद, चार बायका. पहिल्या वेळी हे सगळं ॲफिडेव्हिटं करून जुळवलं होतं, स्टॅम्प पेपर, नोटरी, साक्षीदार. त्या सगळ्याच्या प्रती कुठे आहेत? बरोबर. कन्सल्टंटकडे.

पण फायदे पण सांगायला हवेत, नाहीतर एकतर्फी वाटेल. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ती इथे उतरली असती तर सीआर-१ व्हिसावर आली असती, दोनच वर्षांचं ग्रीन कार्ड, मग ते पक्कं करायला परत आय-७५१ आणि परत फी. आता ती येईल तेव्हा लग्न चांगलं मुरलेलं असेल, थेट आयआर-१, थेट दहा वर्षांचं कार्ड. एवढी वर्षं वेगळं राहून एक फॉर्म वाचवला आम्ही. शिवाय संसार खरा आहे याचे पुरावे तर किती, चार वर्षांचे व्हिडिओ कॉल, सगळ्यात एकजण जेवतोय आणि दुसरा झोपायला निघालाय.

बास. मला नाही जमत आता हसत हसत लिहायला.

अरे, तुमच्यापैकी किती जणांनी आपला केस नंबर स्वतः लिहून ठेवलाय? माझ्या ओळखीत तीन जण आहेत, तिघांच्या फाईली व्हिसा सेंटरला आहेत, तिघांनाही पासवर्ड माहीत नाही, तिघेही मला म्हणाले "तुझ्याबाबतीत वाईट झालं यार." वाईट झालं नाही, मी केलं. त्या कन्सल्टंटला मी मनातल्या मनात रोज शिव्या घालतो आणि त्या त्याला लागू आहेत, पण फॉर्मवर पिटिशनर म्हणून माझं नाव होतं. तुम्ही शेअर बाजार दिवसातून चाळीसदा बघता, पार्सल कुठल्या गोदामात पोचलं ते बघता, आणि बायकोची फाईल बघायला वर्षातून एकदा वेळ नाही? आता जमत नाहीये, आई आजारी आहे, नोकरी गेलीय, तर तसं कळवा ना. वर्ष उलटायच्या आत व्हिसा सेंटरच्या चौकशीच्या फॉर्मवर चार ओळी लिहा की केस चालू ठेवा, आम्हाला पुढे जायचंय. त्याला पैसे पडत नाहीत. रद्द झाल्याचं पत्र आलेलं असेल आणि दोन वर्षं झालेली नसतील तर आजच्या आज खरे कागद घेऊन खऱ्या वकिलाकडे जा, भाऊजींकडे नको. आणि फॉर्मवर ईमेल स्वतःचा टाका रे, स्वतःचा!

मी बुधवारी बायकोला फोन करून सांगितलं की पहिल्यापासून करावं लागणार, वर्ष तरी सहज जाईल. मला वाटलं चिडेल. ती थोडा वेळ गप्प बसली, मागे कुकरची शिट्टी झाली, मग म्हणाली, "म्हणजे पासपोर्ट ऑफिसात जाऊन पीसीसी, तो पोलिसांचा दाखला, परत काढायला लागणार ना? मी मागचा जपून ठेवला होता." तो तिने पेढे वाटले त्याच आठवड्यात काढला होता. मी म्हटलं हो, परत लागेल, पण आत्ता नको, पुढच्या वर्षी. तर म्हणाली, "बरं, तारीख तू लिहून ठेवशील का मी ठेवू?"