आबांच्या कुस्त्या सांगा, दुधाचा हिशोब नको

सप्टेंबर आला की हिंदकेसरी गणपतराव आंदळकर आबांचा तोच फोटो मोबाईलवर फिरायला लागतो. डोक्याला फेटा, खांद्यावर गदा. खाली मजकूरही तोच. ‘मातीतला वाघ’, ‘लाल माती पोरकी झाली’, ‘आयुष्यात एकही कुस्ती न हरलेला मल्ल’. मग रोजचं दूध किती लिटर, बदाम किती शेर, बैठका किती हजार. शेवटी हात जोडलेले आणि विझलेली समई. ऑक्टोबरात हाच मजकूर दादू चौगुलेंच्या फोटोखाली येतो आणि डिसेंबरात श्रीपती खंचनाळेंच्या. दुधाचे लिटर तेवढे कमीजास्त होतात.

आबा गेले १६ सप्टेंबर २०१८ ला. पुढच्या वर्षी २० ऑक्टोबरला दादू चौगुले गेले, त्याच्या पुढच्या वर्षी १४ डिसेंबरला खंचनाळे. लागोपाठ तीन वर्षांत कोल्हापूरच्या कुस्तीचे तीन खांब पडले. महाराष्ट्राचा पहिला हिंदकेसरी (खंचनाळे) गेला, दुसरा (आबा) गेला, आणि त्या दुसऱ्याच्या हाताखाली घडलेला रुस्तुम-ए-हिंद दादू चौगुलेही गेला. लोक हळहळले, मीही हळहळलो. श्रद्धांजली वाहणाऱ्यांच्या भावनेवर मला काही बोलायचं नाही, ती खरीच असते. माझं भांडण आहे ते आठवण काढायच्या पद्धतीशी. या पोस्टी वाचून आबा कुस्ती कशी खेळायचे हे कुणाला कळणार नाही. कुणाशी खेळले हे तर अजिबातच नाही.

आधी ते ‘एकही कुस्ती न हरलेला’ बघू. प्रत्येक पैलवान गेला की हे वाक्य त्याच्या नावापुढे चिकटवलं जातं. अरे बाबांनो, यात्रा-जत्रांच्या फडापासून कोल्हापूरच्या खासबाग मैदानापर्यंत वर्षानुवर्षं जो माणूस लांग (लंगोट) कसून उतरतो, तो कधीतरी हरतो, कधीतरी बरोबरीत सुटतो, कधीतरी पाय मुरगळला म्हणून हात वर करून बाहेर येतो. आणि सगळेच जर न हरलेले असतील तर ही मंडळी एकमेकांशी खेळलीच नाहीत का? मग आपल्या आजोबा-पणजोबांनी कामधंदा सोडून, भाकरी बांधून मैदानं बघितली ती कुणाची?

आबा १९६४ साली टोकियो ऑलिंपिकला गेले होते. पदक आलं नाही. हे मी आजवर एकाही श्रद्धांजलीत वाचलेलं नाही. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार सगळे लिहितात, पण टोकियोवरून थेट उडी मारतात. लपवण्यासारखं काय आहे त्यात? शिराळा तालुक्यातल्या पुनवतचा पोरगा, मातीत वाढलेला, जगातल्या सगळ्यात मोठ्या आखाड्यात जाऊन मॅटवर उभा राहिला. हरून परत आला तर तालमीत काय घेऊन आला असेल याचा विचार करा की जरा.

तिथल्यापेक्षा मला जास्त कुतूहल आहे ते १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचं. आबांचं सुवर्ण त्या स्पर्धेतलं, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण ते सुवर्ण ग्रीको-रोमनमधलं आहे. फ्रीस्टाईलमध्ये त्यांना रौप्य मिळालं. ज्यांनी कधी लांग बांधली नाही त्यांच्यासाठी सांगतो, ग्रीको-रोमनमध्ये कमरेच्या खाली हात लावता येत नाही आणि पायांचा वापर करून डाव टाकता येत नाही. म्हणजे पट काढायचा नाही, टांग मारायची नाही, आकडी लावायची नाही. आपल्या मातीतल्या पैलवानाला लहानपणापासून जे शिकवतात त्यातलं निम्मं इथं चूक ठरतं. उरतं काय, तर छाती, खांदे, मान, मनगटं आणि कमरेच्या वरची पकड. मातीच्या हौद्यात उभ्या आयुष्यात जे खेळला नाही ते खेळून माणूस सोनं घेऊन आला, आणि आपण लिहितो काय, तर दोन शेर बदाम!

आणखी एक. त्याच जकार्तात कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाईलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य आणलं. वजनगट वेगळे, पण हिशोब बघा. दोघेही सांगली जिल्ह्यातले, एकाच स्पर्धेत, दोघांना एकेक सोनं आणि एकेक चांदी, ती पण उलटसुलट. असली गोष्ट दुसऱ्या कुठल्या खेळात घडली असती तर शाळेच्या पुस्तकात धडा आला असता. मारुतीभाऊ पुढं १९६४ ला हिंदकेसरी झाले. म्हणजे १९५९ ला खंचनाळे, १९६० ला आबा आणि १९६४ ला माने. यातल्या एकाची गोष्ट सांगताना बाकीच्या दोघांना वगळलं की गोष्ट लंगडी होते. फोटोत मात्र एकच माणूस असतो आणि त्याच्या खांद्यावर गदा.

माझ्या मते सगळा घोटाळा इथंच आहे. क्रिकेटपटूची आठवण एकट्याची काढता येते. धावा मोजल्या, शतकं मोजली, झालं. पैलवानाची तशी काढता येत नाही, कारण तो एकटा काही करतच नाही. त्याचा प्रत्येक डाव समोरच्याच्या अंगावर घडलेला असतो. समोरच्याने मान किती ताठ ठेवली, कुठला पाय पुढं टाकला, घाई केली की दम धरला, यावर यानं काय टाकलं ते ठरतं. खंचनाळे दिल्लीत हिंदकेसरी झाले एवढ्याला काय अर्थ आहे? समोर पंजाबचा बंतासिंग होता हे कळल्यावर त्या विजयाला वजन येतं.

आणि हे आपल्या जुन्या कुस्तीशौकिनांना नीट माहीत होतं. शाहू महाराजांनी रोममधलं मोठं क्रीडांगण बघून आल्यावर खासबागेचं मैदान बांधून घेतलं, १९१२ साली खुलं केलं. खोलगट मैदान, मधोमध हौदा, भोवती चढत गेलेल्या बसायच्या जागा. कुठंही बसा, दोघांचे पाय दिसले पाहिजेत अशी रचना. आणि त्या मैदानातली पहिली मोठी कुस्ती कुणाची लावली, तर इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबक्ष म्हणजे गामा पैलवानाचा भाऊ. कोल्हापूरच्या मैदानाचं उद्घाटन आणि लढणारे पंजाबचे! आज एखाद्या आयोजकानं असं केलं तर ‘आमची पोरं काय मेली का’ म्हणून गावात बोंब होईल. तेव्हा लोक चांगली कुस्ती बघायला आले होते.

फाळणीनंतरही सादिक पंजाबी, गोगा पंजाबी असे पाकिस्तानचे मल्ल आपल्याकडे येऊन खेळले. जुन्या माणसांकडून ही नावं ऐका. शिवी नाही, हेटाळणी नाही. ‘सादिक’ म्हणताना आवाजात जो आदर येतो तो घरच्या मल्लासाठी येतो तसाच. नंतरच्या पिढीत सतपालचंही तसंच. दिल्लीचा सतपाल, पुढं १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेणारा आणि सुशील कुमारचा गुरू. आपल्या हरिश्चंद्र बिराजदारांनी त्याला बेळगावात हरवलं ती कुस्ती सांगताना माणसं आधी पाच मिनिटं सतपालचीच ताकद सांगतात. मग कुठं बिराजदार मामांवर येतात. कुस्ती सांगायची खरी रीत ही. समोरच्याला मोठा केल्याशिवाय आपला मोठा होत नाही.

हे मला नीट कळलं ते एका म्हाताऱ्या शौकिनाकडून. खासबागेत एका मैदानाला आम्ही शेजारी बसलो होतो. नेमलेल्या मोठ्या कुस्त्या सुरू व्हायला वेळ होता, हौद्यात बारकी पोरं खेळत होती, हलगी चालू होती. मी शहाणपणानं विचारलं, ‘आजोबा, आंदळकर आबांच्या कुस्त्या बघितल्यात का? कसे चितपट करायचे?’ त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझाच प्रश्न बालिश वाटला. म्हणाले, ‘चितपट व्हायच्या आदीचं इच्यार की.’ आणि काही कळायच्या आत त्यांनी उजवा हात माझ्या मानेवर टाकला, डावा माझ्या मनगटावर, आणि कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं. ‘आता हल बघू.’ सत्तरी केव्हाच ओलांडलेला माणूस. मी हललो की ते हलायचे, पण मला जायचं असायचं तिकडं नाही. मी रेटा दिला तर मान खाली जायची, मागं सरलो तर हात आणखी आत यायचा. आजूबाजूची माणसं हसायला लागली तसं त्यांनी सोडलं आणि म्हणाले, ‘निम्मी कुस्ती हितं असती बघ. जोड तोलामोलाची असली की दोन-दोन तास हितंच जायाचं. तुमी मोबाईलवाली नुसती आपटल्याली बघता.’ चार दिवस मानेची रग गेली नाही.

मग त्यांनी कुस्त्या सांगायला सुरुवात केली. आधी विरुद्धच्या मल्लाचं नाव, त्याची तालीम, त्याचा वस्ताद. मग आपण कुठल्या बाजूला बसलो होतो ते. मग खडाखडी (सुरुवातीची हातघाई) कशी झाली, पहिला हात कुणी घातला, कुठल्या डावाला कुठली तोड निघाली. काही कुस्त्यांचा शेवट काय, तर ‘सोडवली’. बरोबरीत सुटली. मला वाटलं पुढं काहीतरी असेल. पुढं काही नव्हतं. निकाल न लागलेली कुस्ती तो माणूस पन्नासेक वर्षं मनात घेऊन हिंडत होता आणि तेवढ्याच चवीनं सांगत होता. त्यांच्या सगळ्या बोलण्यात दुधाचं नाव नव्हतं. (थंडाईचं एकदा आलं, पण ते ‘मला पण एक आण’ या संदर्भात.)

आबांचं दुसरं आयुष्य तर या पोस्टींमधून जवळजवळ गायबच आहे. लढणं थांबल्यावर ते मोतीबाग तालमीचे वस्ताद झाले आणि पुढची कितीतरी वर्षं पोरं घडवत राहिले. दादू चौगुले त्यांचे, चंबा मुतनाळ त्यांचे. मुतनाळ १९६७ आणि ६८ चे महाराष्ट्र केसरी, चौगुले १९७० आणि ७१ चे. चौगुलेंनी १९७४ ला ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणलं. स्वतः लढून मिळवलेलं नाव एका जागी आणि हे एका जागी. माझं वैयक्तिक मत विचाराल तर हे दुसरं पारडं जड आहे. गदा जिंकायला स्वतःचं अंग आणि स्वतःची जिद्द पुरते. वस्तादाला दुसऱ्याच्या पोराच्या अंगात ती जिद्द उतरवायची असते. भल्या पहाटे दार उघडायचं, माती उकरून घ्यायची, तेल-ताक-लिंबू-हळद घालून ती मऊ ठेवायची, कुणाचा गुडघा दुखतोय आणि कोण नुसतं सोंग करतोय हे ओळखायचं, गावाकडून आलेल्या बापाला ‘पोरगं होईल तयार, थांबा’ किंवा ‘घेऊन जा, शेती बघू दे’ हे तोंडावर सांगायचं. याचे फोटो निघत नाहीत. गदेसोबत निघतात.

आता एक कडू गोष्ट, थोडक्यात. हिंदकेसरी मल्लांना सरकारचं मानधन होतं महिना ४,००० रुपये. ते १५,००० करायची घोषणा झाली जानेवारी २०२३ मध्ये. वर लिहिलेल्या तीन तारखा परत बघा, आणि त्या तिन्ही वेळच्या नेत्यांच्या श्रद्धांजल्या आठवा. यापलीकडं मी काही बोलत नाही, विषय राजकारणाकडं जाईल आणि खाली नको ती भांडणं सुरू होतील.

तर माझी विनंती साधी आहे. आबांच्या, खंचनाळेंच्या, मारुतीभाऊंच्या, दादू चौगुलेंच्या कुस्त्यांचं चित्रीकरण आपल्याकडं नसल्यात जमा आहे. जे आहे ते जुन्या वर्तमानपत्रांच्या कात्रणांत, मैदानांच्या जाहिरातींच्या पत्रकांत, आणि ज्यांनी बघितलं त्यांच्या डोक्यात. त्यातले किती जण उरलेत? ऐंशीच्या पुढचे. त्यांना ‘आबा किती थोर होते’ असं विचारू नका. ‘लई थोर’ एवढंच उत्तर येईल आणि डोळे पुसतील. विचारा, ‘समोर कोण होता?’ मग बघा. हात आपोआप उठतात, मांडी ठोकली जाते, चहा गार होतो. शक्य असेल तर स्वतःची मान पुढं करा. रग लागेल, पण कळेल.

ज्यांच्या घरी जुनी पत्रकं आहेत, पत्र्याच्या पेटीत, देवघरामागं, पोटमाळ्यावर, त्यांनी फोटो काढून इथं टाका. घडीवर फाटलेली असली तरी चालतील, जोड्यांची नावं वाचता आली पाहिजेत. कोण कुणाशी, किती इनाम, कुठलं मैदान. कुस्ती बघितलेला माणूस घरात असेल तर त्याचं बोलणं मोबाईलवर घ्या, हलगीचं पार्श्वसंगीत टाकू नका, काय बोलतात ते ऐकू येत नाही. आणि आबा हरलेली कुस्ती कुणाला माहीत असेल तर ती आधी टाका. कुणी ‘आमच्या दैवताची बदनामी’ म्हणून अंगावर आलंच तर त्याला माझ्याकडं पाठवा.

दूध-बदामाच्या पोस्टी पाठवणाऱ्यांना सूचना, मी त्या पुढं ढकलत नाही. एक लिटर असो नाहीतर दहा.