कॉलेज सोडणे आणि पदवी सोडणे : एका प्रतिक्रियेला उत्तर

स.न.वि.वि.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात अडकलेल्या मुलांविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. ज्याला अभ्यासक्रमात रस उरलेला नाही आणि जो वर्षानुवर्षे त्याच विषयांत अनुत्तीर्ण होत आहे, त्याने केवळ आतापर्यंत भरलेल्या शुल्काकडे पाहून उरलेली वर्षे तिथेच घालवू नयेत, असे मी त्या लेखात म्हटले होते. त्यावर आपण लिहिता की असे लेख मुलांच्या हाती आयती सबब देतात. आपल्या मते शेतकऱ्याच्या मुलाला वर चढायला पदवी हा एकच जिना आहे आणि शहरात बसून तो काढून घेण्याचा सल्ला देणे सोपे असते. आपण मुलासाठी जमिनीचा तुकडा विकला आहे, त्याचा हिशेब मी मांडलेला नाही, अशी आपली तक्रार आहे. आणि शेवटी, ‘बिल गेट्स आणि विनोबा यांनी कॉलेज सोडले असेल, आमची मुले गेट्स नाहीत आणि विनोबाही नाहीत.’ आपले चिरंजीव पुण्यात वायडी होऊन (म्हणजे विषय राहिल्यामुळे पुढच्या वर्षात प्रवेश न मिळून) दुसऱ्या वर्षात थांबले आहेत, हेही आपण मोकळेपणाने सांगितलेत. त्यामुळे हे उत्तर केवळ वादासाठी लिहिणे मला योग्य वाटत नाही.

पदवीच्या महत्त्वाविषयी आपले म्हणणे मला मान्य आहे आणि ते मी आपल्याइतक्याच आग्रहाने मांडीन. राज्यसेवेची परीक्षा, तलाठी भरती, बँकांतील लिपिक आणि अधिकारी पदे, केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा या सगळ्या ठिकाणी पदवीधर असणे ही पहिली अट आहे. बारावीच्या आधारावर पोलीस भरतीसारख्या मोजक्या वाटा खुल्या राहतात. ज्याच्या घरी दुकान आहे, कारखाना आहे किंवा ओळखीपाळखीचे जाळे आहे, त्याचे पदवीवाचून अडत नाही. ज्याच्याकडे यांतले काहीच नाही, त्याच्यासाठी तो कागद म्हणजे अर्ज करण्याचा हक्क असतो. हा हक्क कोणीही हातचा घालवू नये. मुलींच्या बाबतीत तर मी याहून कठोर आहे, कारण आपल्याकडे मुलीने कॉलेज सोडले की पुढच्या वर्षी तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात आणि परत येण्याची वाट बहुधा कायमची बंद होते. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क २०२४-२५ पासून राज्य शासनाने पूर्ण माफ केले आहे. अशा मुलीने शुल्काच्या कारणासाठी शिक्षण थांबवण्याचा विचारही करण्यापूर्वी महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज नीट भरला गेला आहे का, हे पाहावे.

माझा आपल्याशी मतभेद आहे तो पुढच्या पायरीवर. ‘पदवी हवी, म्हणून हेच कॉलेज आणि हाच अभ्यासक्रम पूर्ण झाला पाहिजे’ असा निष्कर्ष आपण काढता, आणि तो पहिल्या विधानातून निघत नाही. कॉलेज सोडणे आणि पदवी सोडणे या दोन निराळ्या कृती आहेत. बहुतेक घरांत त्या एकच मानल्या जातात, म्हणूनच त्या विषयावर बोलणे अशक्य होऊन बसते : मुलगा ‘मला इथे जमत नाही’ म्हणतो आणि वडिलांना ऐकू येते ‘मी शिकणार नाही’. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून राज्यभर अभ्यासकेंद्रे चालवत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतेने दूरशिक्षणातून मिळवलेली पदवी नियमित पदवीच्या समकक्ष धरली जाते, आणि कोणत्याही शाखेची पदवी चालेल अशी अट जिथे आहे, तिथे बी. ए. आणि बी. ई. यांच्यात पात्रतेपुरता काहीही फरक नसतो. २०२२ पासून आयोगाने एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिली आहे. संबंधित विद्यापीठाचा नियम आड येत नसेल, तर वायडीच्या वर्षात अडकलेला विद्यार्थी अभियांत्रिकीचा प्रवेश न सोडताही मुक्त विद्यापीठाची पदवी सुरू करू शकतो. ही शक्यता किती पालकांना ठाऊक असते? मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत असताना मला भेटायला आलेल्या पालकांपैकी क्वचितच कोणी तिच्याविषयी ऐकलेले असे.

आता जमिनीविषयी. आपण विकलेली जमीन हा आकड्यांचा विषय नाही, हे मी जाणतो. त्यामागे आपल्या वडिलांचे कष्ट आहेत आणि गावातली आपली जागा आहे. तरीही ज्या निर्णयासाठी आपण तिचा दाखला देता, त्या निर्णयात तिला स्थान देता येत नाही असे माझे ठाम मत आहे. मुलगा शिकत राहिला तरी ती जमीन परत येणार नाही आणि त्याने कॉलेज बदलले तरी ती आणखी जाणार नाही. प्रश्न उरतो तो यापुढच्या खर्चाचा. पुणे आणि मुंबई या दोन्ही विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. आपल्या चिरंजीवांचे पहिल्या वर्षाचे गणित अजून राहिले असल्याचे आपण लिहिता. याचा अर्थ आता चाललेले वर्ष, त्यानंतर तिसरे आणि चौथे अशी तीन वर्षे, आणि तीही मध्ये पुन्हा कुठे अडखळण झाली नाही तर. या तीन वर्षांचे शुल्क, कॉट बेसिसवरच्या खोलीचे भाडे, मेस, परीक्षा अर्ज आणि खासगी क्लास यांची बेरीज करून पाहावी, आणि तिच्या शेजारी मुक्त विद्यापीठातील पदवीचा खर्च व त्या काळात अर्धवेळ कामातून मिळू शकणारे उत्पन्न मांडावे. या बेरजेनंतरही अभियांत्रिकीच योग्य ठरू शकते. पण मग ते पुढच्या हिशेबाने ठरलेले असेल, आणि मुलाच्या डोक्यावरून ‘तुझ्यासाठी शेत विकले’ हे वाक्य उतरलेले असेल.

वायडीचे वर्ष म्हणजे प्रत्यक्षात काय असते, हे मी मूळ लेखात थोडक्यात लिहिले होते. इथे ते अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण घरून ते दिसत नाही. त्या वर्षात बहुतेक ठिकाणी वर्गात बसण्याची सक्ती नसते, सबमिशन नसते, हजेरी नसते. बरोबरची मुले पुढच्या वर्षात गेलेली असतात, त्यांचे विषय वेगळे, गप्पा इंटर्नशिपच्या. खोलीतले मित्र सकाळी निघून जातात आणि हा मुलगा एकटा उरतो. पहिला महिनाभर तो अभ्यासिकेत जातो, मग झोपेची वेळ उलटी होते, मग जेवण चुकते, आणि घरचा फोन आला की ‘चालू आहे अभ्यास’ एवढेच उत्तर मिळते. परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख निघून गेली हे त्याने घरी सांगितलेलेच नसते. या मुलाला आळशी म्हणणे सोपे आहे. मी पाहिलेली बहुतेक मुले आळशी नव्हती; दहावीपर्यंत वर्गात पहिली-दुसरी आलेली, मराठी माध्यमातून शिकलेली आणि पहिल्या सहामाहीत इंग्रजीतून शिकवलेले गणित हातातून निसटल्यावर ते कोणालाही विचारायला लाजलेली अशी ती मुले होती. त्यांना बुद्धी होती. त्यांना वेळेवर मदत मिळाली नाही, आणि नंतर वेळेवर खरे बोलण्याची मोकळीक मिळाली नाही.

म्हणूनच मी सरसकट सोडा म्हणत नाही. ज्याचे केवळ एम-टू, एम-थ्री या गणिताच्या विषयांसारखे एक-दोन विषय अडले आहेत, बाकी विषय समजतात आणि प्रयोगशाळेत काम करायला आवडते, त्याने थांबावे आणि एखाद्या चांगल्या शिक्षकाकडे बसून तेवढे विषय सोडवावेत. तिसरे वर्ष पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याने तर, प्रकृतीचे गंभीर कारण नसेल तर, सोडू नये असेच मी सांगेन; तिथे उरलेली किंमत थोडी आणि हाती येणारी गोष्ट मोठी असते. पैशाची अडचण हे एकमेव कारण असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृह भत्ता आणि शैक्षणिक कर्ज या तिन्हींची चौकशी झाल्याशिवाय निर्णय घेऊ नये. बदल करावा तो त्याने, ज्याला विषयच परका वाटतो, ज्याचे पहिल्या वर्षाचे राहिलेले विषय पुन्हा पुन्हा तसेच राहतात आणि ज्याला आपण दुसरे काय करू इच्छितो याची निदान अंधूक कल्पना आहे. ती कल्पना नसेल, तर आधी ती शोधावी आणि तोवर प्रवेश कायम ठेवावा.

गेट्स यांचे नाव मी लेखात घेतले नव्हते, पण आपण ते काढले आहे, तर एवढेच सांगतो की त्यांचे उदाहरण आपल्याच भीतीला दुजोरा देते. १९७५ मध्ये हार्वर्डमधून बाहेर पडताना त्यांच्यामागे शाळेपासूनचा प्रोग्रामिंगचा अनुभव होता, हाती काम होते, सुखवस्तू घर होते आणि रजा घेतल्यामुळे परतीचा मार्गही खुला होता. सामान्य घरातल्या मुलाने त्यांचे अनुकरण करू नये. विनोबांचे मात्र वेगळे आहे. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला उतरले आणि काशीला गेले, हे सगळ्यांना माहीत असते. पुढच्याच वर्षी गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन ते वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे शिकायला बसले, हे कमी सांगितले जाते. त्यांनी परीक्षा सोडली. अभ्यास अधिक कठीण निवडला. आपली मुले विनोबा नाहीत हे खरे, पण ‘सोडून पुढे काय शिकणार?’ हा प्रश्न कोणत्याही मुलाला विचारता येतो, आणि उत्तर देता आले नाही तर त्याने थांबावे, असे सांगताही येते.

निर्णय बदलाच्या बाजूने झालाच, तर तो कागदोपत्री नीट व्हावा, कारण इथे घाईने मोठे नुकसान होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या शुल्क परतावा धोरणानुसार, प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास किरकोळ कपात वगळता पूर्ण शुल्क परत मिळते, अंतिम तारखेनंतर पंधरा दिवसांत ऐंशी टक्के, तीस दिवसांपर्यंत पन्नास टक्के, आणि त्यानंतर काहीही मिळत नाही. म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलाने ‘दिवाळीनंतर पाहू’ म्हणणे हा महागडा उशीर ठरतो. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही, आणि मधेच सोडणाऱ्याकडून पुढच्या वर्षांचे शुल्क मागण्याची मुभा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद देत नाही. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला लेखी कळवावे. अभ्यासक्रमाची मुदत आणि त्यापुढचे एक वर्ष अशी हप्ते लांबणीवर टाकण्याची जी सवलत असते, ती शिक्षण थांबल्यावर गृहीत धरता येत नाही, आणि सहकर्जदार म्हणून आपली सही असल्याने थकबाकीची नोंद आपल्याही नावावर होते. उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेयांक (क्रेडिट) शैक्षणिक क्रेडिट बँक या श्रेयांक साठवणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेतील खात्यात जमा आहेत का, हे पाहावे, कारण ते कमाल सात वर्षे ग्राह्य राहतात. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाखाली प्रवेश घेतलेल्यांना ठरावीक श्रेयांक पूर्ण करून पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते व नंतर परतही येता येते. आपल्या विद्यापीठाने अभियांत्रिकीसाठी आणि चिरंजीवांच्या तुकडीसाठी ही तरतूद लागू केली आहे का, हे परीक्षा विभागातून लेखी विचारून घ्यावे.

मुलांना सबब मिळते, या आपल्या आक्षेपाचे उत्तर मी मुद्दाम शेवटी ठेवले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि राज्यांमध्ये त्यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला आहे. प्रत्येक घटनेमागे कॉलेजच असते असे मी म्हणणार नाही. पण कॉलेज बदलण्याविषयी घरात बोलता येते, एवढे ज्याला ठाऊक आहे, त्या मुलाच्या हाती मी सबब दिली असे मला वाटत नाही. तो घरी खरे बोलण्याची शक्यता वाढली, एवढेच मला हवे होते. आपला मुलगा गप्प झाला असेल, झोपत नसेल, जेवण टाळत असेल, तर पदवीचा प्रश्न काही काळ बाजूला ठेवून त्याला डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ या टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते.

आपल्या चिरंजीवांसाठी माझी सूचना अशी आहे. परीक्षा अर्जाची तारीख जाऊ देऊ नये आणि या सत्रात पहिल्या वर्षाचे गणित, आणि फक्त तेच, मनापासून द्यावे. सोबत मुक्त विद्यापीठाच्या पुढच्या प्रवेशाची माहिती जिल्ह्याच्या अभ्यासकेंद्रातून आपण स्वतः आणावी, म्हणजे दुसरी वाट वडिलांनी दाखवली आहे हे त्याला कळेल. निकालानंतर दोघांनी बसून ठरवावे. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि राहिलेल्या विषयांची यादी आपण मला पाठवलीत, तर कोणते विषय खरोखर अडले आहेत आणि कोणते केवळ दिलेच गेलेले नाहीत, हे मी पाहून कळवीन. आणि त्याची इच्छा असेल तर त्याच्याशी थेट बोलेन.

आपला,
लेखक